उमेदवाराचा परिचय

अमेरिकन केमिकल सोसायटीच्या न्यू जर्सीतील एका स्थानिक शाखेत उमेदवार शोधण्याचे, म्हणजे नामांकन समितीचे, काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. पोटापाण्यासाठी मी एका औषध कंपनीत विश्लेषण विभागात आहे. दिवस एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजण्याचे तंत्र) आणि स्थिरता चाचण्यांचे अहवाल यांत जातो, आणि शाखेचे काम संध्याकाळी किंवा शनिवार-रविवारी, पदरमोड करून होते. गेल्या सप्टेंबरात मतपत्रिकेसोबत जाणाऱ्या एका परिचयावरून जे घडले त्याचा निकाल माझ्या मनात अजून लागलेला नाही, म्हणून हे लिहीत आहे.

ही संस्था 1876 मध्ये न्यू यॉर्कमध्ये स्थापन झाली आणि 1891 पासून तिच्या स्थानिक शाखा निघू लागल्या. पहिली ऱ्होड आयलंडची. आज अशा शाखा पावणेदोनशेहून अधिक आहेत आणि त्यांतील पदाधिकाऱ्यांना मानधन नसते. बाहेरच्यांना वाटते की अध्यक्ष म्हणजे वर्षभराचे मानाचे पद. प्रत्यक्षात पहिले वर्ष नियोजित अध्यक्ष, दुसरे अध्यक्ष आणि तिसरे मावळते अध्यक्ष, अशी तीन वर्षांची बांधिलकी एका होकारात गळ्यात पडते. कौन्सिलरची, म्हणजे राष्ट्रीय परिषदेवरील शाखेच्या प्रतिनिधीची, मुदतही तीन वर्षांची असते आणि वसंतात व शरदात होणाऱ्या राष्ट्रीय अधिवेशनांना त्याला हजर राहावे लागते. त्यामुळे माझ्या समितीचे खरे काम निवड करण्याचे नसून आर्जवे करण्याचे आहे. परदेशातल्या मराठी मंडळाची कार्यकारिणी कशी जमवली जाते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना यापेक्षा अधिक सांगायला नको. व्याख्यान नीरस झाले, जेवण थंड होते, अशा तक्रारी करणारे सदस्य पुष्कळ. पण त्यांच्यापुढे उमेदवारी अर्ज सरकवला की प्रत्येकाच्या मुलांची परीक्षा नेमकी त्याच वर्षी असते.

या कामात एक विद्या मात्र मला साध्य झाली आहे आणि तिचा थोडा अभिमानही आहे: न्यू जर्सीतील रसायनतज्ज्ञाचा परिचय वाचण्याची. उदाहरणार्थ, सीमेपलीकडे न्यू यॉर्क राज्यातल्या पर्ल रिव्हर गावी काम केलेल्या एखाद्या ज्येष्ठ सदस्याच्या परिचयात लेडर्ली, अमेरिकन सायनामिड, अमेरिकन होम प्रॉडक्ट्स, वायथ आणि फायझर अशी नावे ओळीने दिसतात. नवख्याला वाटावे, गृहस्थ फार नोकऱ्या बदलणारा. वास्तविक तो एकाच आवारात, कदाचित एकाच टेबलापाशी उभा होता. 1994 मध्ये लेडर्लीची मालक कंपनी सायनामिड विकली गेली, 2002 मध्ये नव्या मालकाने नाव बदलले, 2009 मध्ये तोही विकला गेला, आणि याच्या ओळखपत्रावरचे नाव तेवढे बदलत राहिले. ही तीच प्रयोगशाळा जिथे भारतीय जैवरसायनतज्ज्ञ येल्लाप्रगड सुब्बाराव संशोधनाचे प्रमुख होते आणि जिथून ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक बाहेर पडले. परिचयात 2012-13 च्या आसपास ‘रोश, नट्ली’ संपत असेल तर कारण विचारायचे नसते. जिथे लिओ स्टर्नबाख यांनी लिब्रियम आणि व्हॅलियम ही चिंताशामक औषधे शोधून काढली, ते रोश औषध कंपनीचे नट्ली गावातले आवार बंद करण्याची घोषणा जून 2012 मध्ये झाली आणि सुमारे हजार नोकऱ्या गेल्या. तिथे आज वैद्यकीय महाविद्यालय आहे.

आणि ‘कन्सल्टंट’. हा शब्द परिचयात दिसला की मी आधी तारीख पाहते. काही जण खरोखरच सल्ला देतात आणि त्याचे चांगले पैसे घेतात. उरलेल्यांच्या बाबतीत तो शब्द काय झाकतो हे छापणाऱ्याला, वाचणाऱ्याला आणि लिहिणाऱ्याला सारखेच ठाऊक असते.

आमचे नियोजित अध्यक्षपदाचे उमेदवार माटुंग्याच्या यूडीसीटीतले, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागातले, मला बरेच वरिष्ठ. प्रक्रिया रसायनात, म्हणजे फ्लास्कमध्ये जमलेली अभिक्रिया हजार-दोन हजार लिटरच्या रिअॅक्टरमध्ये सुरक्षितपणे जमवून दाखवण्याच्या कामात, त्यांचे आयुष्य गेले. पॅलेडियम-कार्बनवर हायड्रोजनीकरण झाल्यानंतर तो उत्प्रेरक गाळताना कोरडा पडू द्यायचा नाही आणि त्यावर नायट्रोजनचे आवरण राहिलेच पाहिजे, नाहीतर मेथॅनॉलच्या वाफेला तो आग लावतो, हे ते नव्या मुलांना गाळणीपाशी उभे करून शिकवत. शाखेतही त्यांचा स्वभाव तोच. राष्ट्रीय रसायन सप्ताहात मुलांना ज्वालेचे रंग दाखवण्यासाठी पूर्वी बशीत मेथॅनॉल ओतून त्यात क्षार टाकून पेटवत. त्या प्रकाराने शाळांमध्ये मुले भाजल्यावर सोसायटीच्या सुरक्षा समितीने 2014 मध्ये तो बंद करण्याची शिफारस केली. आमच्या गृहस्थांनी क्षारांच्या द्रावणात रात्रभर भिजवलेल्या लाकडी पट्ट्या बर्नरवर धरून तेच रंग दाखवायला सुरुवात केली. तांब्याचा हिरवा, स्ट्रॉन्शियमचा लाल, पोटॅशियमचा फिका जांभळा. आणि प्रत्येक पट्टी लगेच पाण्याच्या बादलीत. गॉगल न घातलेल्या पालकाला ते टेबलापासून मागे सरायला लावत, मग तो पालक कोणत्या का कंपनीचा उपाध्यक्ष असेना. अशा माणसाला तीन वर्षांसाठी राजी करायला मला सबंध उन्हाळा लागला होता.

मतपत्रिकेचा मजकूर दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवायचा होता. दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्यांचा फोन आला.

“अगं, ती माझ्या परिचयातली तिसरी ओळ आहे ना, ती काढ,” ते म्हणाले. तिसऱ्या ओळीत त्यांचे पदनाम आणि कंपनीचे नाव होते.

“का? तुम्हीच तर लिहिली होती.”

“आज सकाळी आमचा अख्खा विभाग गेला. मी पार्किंगमध्ये बसलोय. कार्ड चालत नाही, म्हणून छत्री वरच राहिली.”

पुढे जे गुंतागुंतीचे झाले ते कायद्यामुळे. न्यू जर्सीत एप्रिल 2023 पासून मोठ्या नोकरकपातीसाठी मालकाने 90 दिवस आधी सूचना द्यावी लागते. कंपन्यांनी यातून काढलेली वाट अशी, की माणसाला त्याच दिवशी दाराबाहेर काढायचे आणि पगार मात्र 90 दिवस चालू ठेवायचा. म्हणजे मतदान होईल तेव्हा आमचे उमेदवार कागदोपत्री त्या कंपनीचे कर्मचारीच असणार होते, आणि 1 जानेवारीला पद स्वीकारतील तेव्हा नसणार होते. तिसरी ओळ त्या दिवशी खरी होती की खोटी, हे मला आजही ठामपणे सांगता येणार नाही.

संध्याकाळी घाईने समितीची दूरस्थ बैठक घेतली. एक निवृत्त प्राध्यापक म्हणाले, ओळ खरी आहे, तशीच जाऊ द्या. कायम नोकरीत चाळीस वर्षे काढलेल्या माणसाला असे म्हणणे फार सोपे असते. खजिनदारबाईंनी ‘कन्सल्टंट’ सुचवले. त्या स्वतः दोनदा त्या शब्दामागे राहून आल्या होत्या, त्यामुळे त्यांच्या सुचवण्यात दुखावणारे काही नव्हते. एका तरुण सदस्याने मात्र विचारले की बेकार माणूस अध्यक्ष असलेला प्रायोजक कंपन्यांना चालेल का. प्रश्न अगदीच गैरलागू नव्हता, कारण आमच्या सभागृहाचे भाडे आणि विद्यार्थ्यांची पारितोषिके अशाच देणग्यांवर चालतात. तरी मला त्याचा राग आला. शाखेच्या उपविधीत उमेदवार सदस्य असावा एवढीच अट आहे, नोकरीचे नाव नाही; ते मी वाचून दाखवले आणि आवाज थोडा चढवूनच वाचून दाखवला.

त्या वेळी मला हेन्री हिल आठवत होते. बॉस्टनकडच्या ईशान्य शाखेत वर्षानुवर्षे काम करून ते 1977 मध्ये सोसायटीचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष झाले. ते मोठ्या विद्यापीठाचे प्राध्यापक नव्हते. स्वतःची लहानशी संशोधन कंपनी चालवत. मालकांनी रसायनतज्ज्ञांना कसे वागवावे, विशेषतः काढून टाकताना, याची मार्गदर्शक तत्त्वे सोसायटीने ठरवावीत यासाठी त्यांनी पुष्कळ खटपट केली. तशी तत्त्वे झाली. ती कोणावर बंधनकारक नाहीत. दुपारी आमच्या उमेदवारांना मिळालेल्या पत्रात त्यांच्या ‘प्रवासाबद्दल’ आभार मानले होते आणि नावाचे स्पेलिंग चुकले होते.

रात्री उशिरा त्यांनीच नवा परिचय पाठवला. मी आधी पाठवलेल्या नमुन्याप्रमाणे पूर्वी त्यात ‘बहुविद्याशाखीय गटांचे नेतृत्व’ वगैरे होते. आता एकाही कंपनीचे नाव नव्हते. कोणती अभिक्रिया किती लिटरपर्यंत नेली, कुठे तापमान हाताबाहेर जाण्याचा धोका होता आणि थेंबाथेंबाने अभिकर्मक सोडून तो कसा आवरला, एका औषधाचे नको असलेले स्फटिकरूप उत्पादनाच्या मध्येच कसे उपटले आणि बीजस्फटिक टाकून हवे ते कसे परत मिळवले, किती जणांना गाळणीपाशी उभे केले, एवढेच. गोपनीयतेच्या करारामुळे औषधांची नावे नव्हती. शेवटची ओळ होती: ‘सध्या नोकरीच्या शोधात.’

समितीतील दोघांना ती ओळ खटकली. मी ती तशीच पाठवली. बाकीच्या उमेदवारांचे परिचय पुन्हा लिहून घ्यायला वेळ नव्हता, त्यामुळे मतपत्रिकेत एकाच्या नावापुढे माणूस काय करतो ते होते आणि इतरांच्या नावापुढे तो कोणाकडे करतो ते.

ते निवडून आले, यात नवल नाही, कारण त्या पदासाठी दुसरे नाव नव्हते. नवल वेगळेच झाले. परिचय वाचून शाखेतल्या कित्येकांनी त्यांना फोन केले. काहींनी नोकरीचे धागेदोरे दिले आणि बरेच जण नुसते स्वतःचे सांगत राहिले. त्यांतल्याच एका धाग्यावरून त्यांना मार्चमध्ये केंब्रिजला, मॅसॅच्युसेट्समध्ये, नोकरी मिळाली. सोसायटीत शाखा पत्त्यावरून ठरते. त्यांनी पत्ता बदलला तसे ते ईशान्य शाखेचे सदस्य झाले आणि आमचे नियोजित अध्यक्षपद तिसऱ्याच महिन्यात रिकामे झाले. त्या दिवशी प्रायोजकांचा प्रश्न काढणारा तरुण मला म्हणाला की ती ओळ आपण छापली नसती तर ते इथेच राहिले असते. मी त्याला म्हटले, “मग आता तूच उभा राहा.” तो विचार करून सांगतो म्हणाला आहे.