तुम्ही विचारलंत म्हणून : ओळखी वाढवायच्या कशा?

“आमच्या घरात या क्षेत्रातले कोणी नाही, मोठ्या कंपन्यांत कोणाशी परिचय नाही, मग आम्ही ओळखी वाढवायच्या तरी कशा?” भोसरी, चाकण आणि हिंजवडीत नोकरी करणारी तरुण मुले-मुली मला हा प्रश्न वारंवार विचारतात. त्यांतील बरीचशी लातूर, जळगाव, सांगलीकडून शिक्षणासाठी पुण्यात आलेली आणि येथेच स्थिरावलेली असतात. ज्यांच्या गोतावळ्यात चार वजनदार माणसे आहेत त्यांचेच या शहरात निभावते, अशी समजूत त्या प्रश्नामागे असते. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्याच्या खरेदी विभागात मी नोकरीचा मोठा काळ काढला. त्या अनुभवावरून माझे ठाम मत असे आहे की ओळख होणे हा यातील सर्वांत सोपा भाग असतो. ती टिकवणे आणि समोरच्याला आपली मदत करणे सोपे जाईल असे वागणे हे खरे कौशल्य असून ते कोणालाही शिकता येते.

गोतावळ्याची चिंता आधी बाजूला ठेवू. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बॉस्टनजवळच्या न्यूटन येथे ओळखीतून नवी नोकरी मिळालेल्या लोकांना विचारले होते की, ज्याच्याकडून ही नोकरी कळली तो माणूस त्या काळात तुम्हाला कितपत भेटत असे. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार, आठवड्यातून किमान दोनदा भेटणाऱ्याकडून नोकरी कळलेले लोक केवळ १६.७ टक्के होते; ५५.६ टक्के लोकांना ती अधूनमधून भेटणाऱ्याकडून कळली, तर २७.८ टक्के लोकांना वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी वेळा भेटणाऱ्याकडून. हे सारे अवघ्या ५४ जणांचे आकडे आहेत, तरी त्यांमागचे कारण पटण्यासारखे आहे. जिवलग मित्र आपल्याच वर्तुळात वावरत असल्यामुळे त्यांना जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते; नवी बातमी येते ती दुसऱ्या वर्तुळातील, जुजबी ओळखीच्या माणसाकडून.

पुढे २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लिंक्डइन या व्यावसायिक ओळखींच्या संकेतस्थळाच्या २ कोटींहून अधिक सदस्यांवर केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष आले. नोकरी बदलताना अगदी जवळच्या किंवा अगदी परक्या माणसांपेक्षा मध्यम अंतरावरची माणसे अधिक उपयोगी पडतात, असे त्यांत दिसले. शिवाय संगणकीय तंत्रज्ञानावर अधिक चालणाऱ्या उद्योगांत सैल ओळखींचा उपयोग जास्त झाला, तर इतर उद्योगांत घट्ट ओळखींचा. पुण्यात या दोन्ही प्रकारचे उद्योग हाकेच्या अंतरावर असल्यामुळे मला हा भेद मोलाचा वाटतो. हिंजवडीच्या आयटी कंपनीत काम करणाऱ्या मुलीला दोन वर्षांपूर्वी नोकरी बदलून गेलेल्या सहकाऱ्याला लिहून जे साधता येईल, ते भोसरीत साधायला कारखान्यात प्रत्यक्ष जाणे आणि काही काळ एकत्र काम केलेले असणे लागते.

आता खरेदी विभागात मी काय पाहिले ते सांगतो. गेटवर नोंद करून, व्हिजिटर पास लावून, पिशवीत नमुन्याचे सुटे भाग घेऊन पुरवठादार आमच्याकडे येत. बहुतेक जण आपल्या यंत्रांची यादी वाचून दाखवत, कार्ड ठेवून जात, आणि ते कार्ड खणात पडून राहत असे. एका लहान वर्कशॉपचे मालक मात्र माझ्या कायमचे लक्षात राहिले. मी पुढे केलेले ड्रॉइंग त्यांनी टेबलावर पसरले, एका मापाच्या टॉलरन्सवर, म्हणजे त्या मापात चालणाऱ्या फरकाच्या आकड्यावर, बोट ठेवले आणि म्हणाले, “साहेब, एवढी टॉलरन्स आमच्या लेथवर मिळणार नाही. याला ग्राइंडिंग लागेल. तळवड्यात एक जण हे काम चांगले करतात, त्यांचा नंबर देतो.” त्या दिवशी त्यांना काम मिळाले नाही. परंतु पुढे टर्निंगचे, म्हणजे लेथवरचे, काम निघाले तेव्हा मी पहिला फोन त्यांनाच केला, कारण आपल्याला जमणार नाही ते स्पष्ट सांगणारा माणूस ‘जमेल’ म्हणतो तेव्हा त्या शब्दावर विसंबता येते. कोणाची शिफारस करणारा माणूस स्वतःची पतही पणाला लावत असतो, आणि ओळख मागणाऱ्या तरुणांच्या हे फारसे ध्यानात येत नाही.

म्हणूनच “सर, माझा रेझ्युमे पाहा, कुठे काही असेल तर सांगा” या संदेशाला सहसा उत्तर येत नाही. वाचणाऱ्याने तुमची पात्रता ताडायची, जागा शोधायची आणि वर जबाबदारीही घ्यायची, इतके काम त्या एका वाक्याने त्याच्यावर टाकलेले असते. त्याऐवजी असे लिहून पाहा : “नमस्कार. मी चाकणला वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे. शनिवारचे आपले टूल डिझाइनवरील व्याख्यान ऐकले. मला त्या कामाकडे वळायचे आहे. कॅड येते, मोल्डचा अनुभव नाही. मी आधी मोल्ड शिकावे की जिग-फिक्स्चरपासून सुरुवात करावी?” याचे उत्तर जाणकाराला दोन ओळींत देता येते, आणि ते देताना तुम्ही कोण, काय येते, काय येत नाही, हे सारे त्याला कळून जाते.

उत्तर आल्यावर बहुतेक जण ‘धन्यवाद सर’ लिहून थांबतात, आणि ओळख तेथेच सुकते. दिलेला सल्ला अमलात आणला का, त्याचे काय झाले, हे दोन-तीन महिन्यांनी कळवणे ही माझ्या मते या साऱ्या प्रकरणातील सर्वांत दुर्लक्षित गोष्ट आहे. सल्ला देणाऱ्याला आपल्या शब्दाचे पुढे काय झाले हे सहसा कधीच कळत नाही. ज्याने ते कळवले त्याचे नाव डोक्यात राहते, आणि योग्य जागा निघाली की तेच नाव तोंडी येते. यासाठी भेटलेल्या माणसाच्या कार्डामागे त्याच दिवशी तारीख, ठिकाण आणि बोलण्याचा विषय लिहून ठेवावा. हल्ली कार्ड नसेल तर फोनमधील नावापुढे ही टिपणी करावी.

हे सगळे म्हणजे वशिलाच नव्हे का, असेही काही जण संकोचाने विचारतात, आणि त्या संकोचाविषयी मला आदर आहे. पात्रता नसताना जागा मागणे वाईटच. परंतु माहिती विचारणे आणि आपले काम योग्य माणसाच्या नजरेस आणणे यात कोणाचाही हक्क हिरावला जात नाही. ज्याच्या घरात विचारायला कोणी नाही त्याने बाहेरही विचारले नाही, तर माहिती आधीपासून ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडेच राहील.

जायचे कोठे, याचे उत्तर पुण्यात अवघड नाही. १९३४ साली स्थापन झालेल्या मराठा चेंबर या उद्योग-व्यापाराच्या संघटनेची व्याख्याने व कार्यशाळा, चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमधील औद्योगिक प्रदर्शने, स्वतःचा व्यवसाय असेल तर मराठी उद्योजकांसाठी माधवराव भिडे यांनी सुरू केलेला सॅटर्डे क्लब, आणि अर्थातच आपल्या महाविद्यालयाचा माजी विद्यार्थी संघ. दर आठवड्याला नव्या ठिकाणी जाण्यापेक्षा एकच जागा निवडून तेथे वर्षभर नियमित जावे, कारण तिसऱ्या-चौथ्या वेळी लोक स्वतःहून बोलू लागतात.

ज्यांना अनोळखी घोळक्यात शिरून बोलणे जमत नाही, त्यांना मी आयोजकांकडे काम मागायला सांगतो. कार्यक्रमाच्या दिवशी नोंदणीच्या टेबलावर बसणाऱ्याला स्वतःहून कोणाकडे जावे लागत नाही, येणारा प्रत्येक जण नाव आणि कंपनी त्यालाच सांगतो, आणि चहाच्या वेळी “आपण तळेगावहून आलात ना?” एवढ्यावर बोलणे सुरू करता येते.