डावं का उजवं?

पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट, हे कोल्हापुरातलं शाळकरी पोरही झोपेत सांगेल. राजाराम बंधाऱ्यावर आज पाणी किती, हे पावसाळ्यात आम्ही 'जेवलास काय' इतक्या सहज विचारतो. पण दाराला नवं कुलूप घ्यायला लक्ष्मीपुरीतल्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो, तर मालकांनी एवढंच विचारलं, "दार डावं का उजवं?" आणि माझी दातखीळ बसली.

चाळीस वर्षं मी त्या दारातून ये-जा करतोय. शेवटी दुकानातच डोळे मिटले, उजव्या हातात भाजीची पिशवी आहे असं धरून चाललो आणि डाव्या हातानं हवेत दार ढकललं. मागचं गिऱ्हाईक दोन पावलं सरकलं. मालकांनी शांतपणे पुढचा प्रश्न टाकला, "फळीची जाडी किती?"

मी गप्प.

"जावा, मापं घेऊन या. आमी हितंच हाय."

आमचं जुनं कुलूप दाराच्या पोटात बसवलेलं होतं. आषाढातल्या एका संध्याकाळी मी आणि आई लग्नाहून परत आलो, किल्ली घातली, ती गरागरा फिरली आणि दार काही उघडेना. शेजारच्या काकूंकडची किल्ली आणली. तीही तशीच फिरली. मागच्या दाराला आतून अडसर. मग कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याला बोलावलं. त्यानं अर्धा तास तारेनं खाटखूट करून दार उघडलं आणि कुलूप बाहेर काढून वर्तमानपत्रावर खोललं.

आत पितळेची सहा पानं एकावर एक. ह्यांनाच लिव्हर म्हणतात. किल्लीचा प्रत्येक दात आपापल्या पानाला नेमका आपल्याच उंचीपर्यंत उचलतो. सगळी पानं एका रेषेत आली तरच चौकटीत शिरणाऱ्या जिभेला वाट मिळते. एखादं थोडं जास्त किंवा कमी उचललं गेलं, तर जीभ जागची हलत नाही. आमची सहाही पानं झिजून गुळगुळीत झालेली, त्यातल्या दोन पानांच्या केसाएवढ्या बारीक स्प्रिंगा मोडलेल्या आणि जीभ ढकलणारा खिळा तर जाग्यावरच नाही. किल्लीवाला म्हणाला, "ह्यानं लई सोसलंय ओ." त्यानं ते इतक्या हळहळीनं म्हटलं, की मला कुलपाची माफी मागावीशी वाटली.

मधले चार दिवस कडीकोयंड्याला वडिलांचं सात लिव्हरचं नवताल लावलं. वकिलीला रामराम ठोकून 1897 साली मुंबईत कुलपं बनवायला लागलेल्या अर्देशिर गोदरेज यांच्या घराण्यातलं हे कुलूप हातात घेतलं की अजून वजनदार लागतं. त्याचा दोष एकच: बाहेर लोंबणारं कुलूप म्हणजे 'घरात कोणी नाही' अशी पाटी. आणि आई घरात असताना मी बाहेर जाणार असेन, तर ते काहीच कामाचं नाही.

मापं घेतली. फळी 35 मिलिमीटर. दार आत उघडतं, बिजागऱ्या डावीकडं. हे सगळं कागदावर लिहून मी परीक्षेला निघाल्यासारखा पुन्हा लक्ष्मीपुरीत गेलो. मालकांनी कागद बघितला आणि म्हणाले, "ह्याची जीभ उलटी फिरवता येतीय. डावं, उजवं, कुठंबी चालतंय."

"मग विचारलंत कशाला?"

"विचारायला लागतंय ओ."

पुण्याच्या भाच्यानं फोनवरून बोटाच्या ठशावर उघडणारं कुलूप सुचवलं. किल्लीच नको, सेल उतरायला आले की आधी सूचना देतं, वगैरे. मला मोह झाला होता, खोटं कशाला बोलू. पण आईनं तळहात पुढं केले. पन्नास वर्षं भाकरी थापलेले ते हात. "रेशनच्या दुकानात माझा अंगठा लागत न्हाई, चार-चार वेळा दाबून घेतात. आता माझ्याच घरात लागंना झाला म्हणजे?" तो विषय तिथंच संपला. ओढलं की आपोआप बंद होणारं नाईट लॅचही तिनं नाकारलं, कारण तुळशीला पाणी घालायला ती रोज बाहेर जाते आणि वाऱ्यानं दार आपटतं.

शेवटी जुन्या खाचेतच बसणारं, साठ मिलिमीटरच्या सिलिंडरचं घेतलं; सिलिंडर म्हणजे किल्ली जिथं शिरते तो सुटा भाग. किल्ली चपटी, अंगावर खळगे पाडलेली. बाजारात तिला कॉम्प्युटर किल्ली म्हणतात, कॉम्प्युटरचा तिच्याशी काय संबंध ते विचारू नये. एक गोष्ट मात्र मला पटली. उद्या किल्ली हरवली तर सगळं कुलूप फेकायला नको. दाराच्या कडेचा एक लांब स्क्रू काढायचा, सिलिंडर बदलायचं, झालं.

मिस्त्री आले ते कुलपाकडं न बघता चौकटीकडंच वळले. जीभ जिथं शिरते ती पत्र्याची पट्टी अर्ध्या इंचाच्या दोन स्क्रूंवर उभी होती. त्यांनी नखानं एक स्क्रू उपसून माझ्या हातात ठेवला. "दारात सात-आठ हजाराचं कुलूप घालतासा आणि चौकटीला हे. लाथ घातली की पट्टी हातात." तिथं दोन इंची स्क्रू बसले. दार पावसानं फुगून घासत होतं, रंधा मारा म्हटलं तर ऐकेनात. आत्ता तासलं तर दिवाळीत लाकूड आक्रसतं आणि फट पडते. त्यांनी पट्टीचं भोक तेवढं कानशीनं जरा वाढवलं. मागच्या दारालाही नवं कुलूप घालावं म्हणत होतो, पण अडसर ओढून बघून ते म्हणाले, "ह्याला कोण चोर किल्ली करणार?" अडसराची अट एकच, आत माणूस पाहिजे.

बरोबर पाच किल्ल्या मिळाल्या. एक मला, एक आईला, एक बायकोला, एक कपाटात. पाचवी घेऊन काकूंकडं गेलो. त्यांच्या देवघराशेजारी एक मोठा खिळा आहे, त्यावर अर्ध्या गल्लीच्या किल्ल्या लटकतात. पाटलांची लाल लोकरीत, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंची हिरव्या रिबिनीत. आमची बुटाच्या काळ्या नाडीत, ती माझ्याच शाळेच्या बुटाची. काकूंनी चष्मा लावला, दातानं गाठ सैल केली, नाडी नव्या किल्लीच्या भोकातून ओवून पुन्हा गाठ मारली आणि ती खिळ्याला अडकवली.

जुनी किल्ली त्यांनी माझ्या हातावर ठेवली. "ही घेऊन जा बाबा," म्हणाल्या, "नाहीतर माझा घोटाळा हुतोय."