पार्जिलीन घालायचं राहिलं त्या दिवशी

पीएचडीचं दुसरं वर्ष. सकाळी सातलाच लॅबमध्ये होते कारण रॅटच्या मेंदूतला स्ट्रायटम (मेंदूच्या खोलातला एक भाग) एकदा बाहेर काढला की मग जेवणाचंही भान राहत नाही, सगळं बर्फावर आणि सगळं पटापट. ०.३२ मोलर सुक्रोजमध्ये हलक्या हाताने होमोजनाइज करायचं, म्हणजे वाटून एकजीव करायचं, दोनदा सेंट्रिफ्यूज, आणि दुसऱ्या वेळी तळाला जो पेलेट बसतो त्यात सिनॅप्टोझोम असतात, म्हणजे नर्व्हची तुटलेली टोकं, तुटल्यावर आपोआप मिटून त्यांच्या बारीक पिशव्या होतात. मला याचं अजूनही नवल वाटतं. प्राणी गेलाय, पण या पिशव्यांना ग्लुकोज, ऑक्सिजन, सोडियम दिलं आणि ३७ डिग्रीला ठेवलं की त्या काही तास डोपामिन, म्हणजे नर्व्ह एकमेकींना निरोप द्यायला वापरतात ते रसायन, आत ओढत राहतात. हाच अपटेक, आणि मी तोच मोजत होते. बर्फातल्या ट्यूबमध्ये जवळजवळ काहीच आत जात नाही, तीच आमची ब्लँक, म्हणजे तुलनेसाठीचा शून्य.

ट्रिटियमवालं, म्हणजे किरणोत्सारी खूण लावलेलं, डोपामिन घातलं, १, २, ५, १० आणि २० मिनिटांना फिल्टर करून, धुऊन, ती खूण मोजणाऱ्या काउंटरला लावलं. पाच मिनिटांपर्यंत आलेख मस्त चढला, दहाला वाकला आणि विसाव्या मिनिटाला चक्क खाली आला, एरवी तिथे तो सपाट असतो. वॉटर बाथ तपासला, पिपेट तपासलं, फिल्टर फाटलाय का बघितलं, दोन तास गेले. मॅडमनी आकडे बघितले आणि एवढंच विचारलं, "अगं, बफरमध्ये पार्जिलीन घातलंस ना?"

वहीत त्या ओळीपुढे टिक नव्हती. रडूच आलं, कारण एक प्राणी त्यासाठी गेला होता.

पार्जिलीन एमएओ (मोनोअमाइन ऑक्सिडेज) हे डोपामिन तोडणारं एन्झाइम बंद करतं. आत आलेलं डोपामिन काही व्हेसिकलमध्ये, म्हणजे टोकातल्या साठवणीच्या इवल्या पुड्यांमध्ये, भरलं जातं, बाकीचं मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या आवरणावर बसलेल्या एमएओच्या तावडीत सापडतं, त्याचं डोपॅक हे तुटलेलं रूप होतं आणि ते पिशवीतून बाहेर निघून जातं. (माझी आत्या पार्किन्सन्ससाठी रासाजिलीन घेते, ते याच जातीचं औषध, एमएओला कायमचं चिकटणारं.) मी वर्षभर अपटेक मोजत होते आणि दर वेळी ही तोडफोड स्वतःच्या हाताने बंद करून ठेवत होते, मग ती दिसणार कशी?

मॅडमनी तेव्हा ज्युलियस ॲक्सेलरॉड या अमेरिकन शास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली. सीओएमटी हे असली रसायनं निकामी करणारं दुसरं एन्झाइम त्यांनीच शोधलेलं, पण दोन्ही एन्झाइमं अडवली तरी ॲड्रेनालिनचा परिणाम थांबतोच हे त्यांना दिसलं, आणि १९६१ मध्ये ट्रिटियमवालं नॉरॲड्रेनालिन (डोपामिनसारखंच निरोप नेणारं रसायन) वापरून त्यांच्या टीमने दाखवलं की नर्व्हची टोकंच ते परत आत घेतात. १९७० चं नोबेल त्याच कामाला. म्हणजे आधी आत घेणं, तोडणं नंतर, आणि माझ्या फसलेल्या आलेखात हाच क्रम दिसत होता!

दुसऱ्या दिवशी मुद्दाम दोन्ही केलं, पार्जिलीन घालून आणि न घालता, साधं डोपामिन घेऊन, आणि बाहेरचं द्रव एचपीएलसीवर, म्हणजे द्रवातली रसायनं वेगळी करून मोजणाऱ्या यंत्रावर, चालवलं. न घातलेल्यात डोपॅकचा पीक उंच, एचव्हीए (डोपॅकवर सीओएमटीने काम केलं की बनतं ते) मात्र अगदी नावाला, कारण सीओएमटी मुख्यतः बाहेर, नर्व्हभोवतीच्या ग्लिया पेशींकडे. विसाव्या मिनिटाला आतलं जेवढं कमी पडलं होतं त्याचा हिशोब त्या डोपॅकच्या पीकमध्ये जवळजवळ पूर्ण लागला.