काडेपेटीतला नमुना

बाबांच्या शर्टाच्या खिशात नेहमी एक रिकामी काडेपेटी असायची. जळलेला ट्रान्झिस्टर, फुगलेला कपॅसिटर, खिळखिळा झालेला स्विच, जे आणायचं असेल त्याचा नमुना त्या पेटीत. महिन्यातून एकदा चिपळूणहून मुंबई गाठायची, ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडच्या काउंटरवर पेटी उघडायची. पाट्यांवर त्या रस्त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण आमच्या धंद्यात तो लॅमिंग्टनच. दुकानदार नमुना उचलून उजेडात धरायचा. नंबर पुसला गेला असला तरी दोन प्रश्न विचारून बरोबर पार्ट हातात ठेवायचा. आता रिपेअरिंगचं दुकान मी चालवते आणि काडेपेटी माझ्या पर्समध्ये असते.

ऑनलाइन सगळं घरपोच मिळत असताना मी अजून मुंबईला का जाते, असं बरेच जण विचारतात. त्याचं माझं उत्तर 2021 च्या पुरापासून सुरू होतं.

22 जुलैला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, ते आम्हा कुणालाच विसरता यायचं नाही. पाणी ओसरल्यावर माझ्या दारात फ्रीजचे स्टॅबिलायझर, मिक्सर, इन्व्हर्टर, इंडक्शनच्या शेगड्या यांची रांग लागली. सगळ्यात मऊ, पिवळट गाळ. पहिलं काम लोकांना सांगायचं की प्लग लावून बघू नका. मग बोर्ड काढून स्वच्छ पाण्याने धुवायचा, ब्रशने आयपीए, म्हणजे लगेच उडून जाणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल, फिरवायचं आणि सुकवायचं. त्या दिवसांत ऊन कुठलं! लाइट आल्यावर पत्र्याच्या डब्यात साठ वॅटचा बल्ब लावून मी बोर्ड सुकवत होते.

स्टॅबिलायझरमध्ये सगळ्यात जास्त मेले ते रिले, म्हणजे कॉइलच्या चुंबकाने चालणारे छोटे स्विच. बारा व्होल्टचा चौकोनी शुगर क्यूब रिले, मीटर लावला की कॉइल चारशे ओमच्या आसपास बरोबर दाखवायची, पण आत गाळ शिरून कॉन्टॅक्ट गेलेले. एका स्टॅबिलायझरमध्ये दोन, कशात चार. मला दीडशे तरी हवे होते. गावातल्या ज्या दुकानातून बाबांच्या काळापासून आम्ही माल घेतो, तिथले काका स्वतःच ड्रॉवर रस्त्यावर मांडून चिखल काढत होते. त्यांच्याकडे मागायला तोंडच उघडेना.

तेव्हा पार्सलनेच तारलं. कुरिअर सुरू झाल्यावर एकाच खोक्यात दीडशे रिले आले. सगळे एका कंपनीचे, एका बॅचचे. दहा काढून तपासले, दहाही चांगले. जो पार्ट आपल्याला नेमका माहीत आहे, ज्याचे व्होल्ट, पिना, मापं ठरलेली आहेत आणि जो ढिगाने हवा आहे, तो पोस्टाने मागवण्यात काही चूक नाही, हे मी तेव्हा शिकले. आणि त्याच उत्साहात मोठी चूक केली.

इंडक्शनच्या शेगड्यांना आयजीबीटी लागतो, म्हणजे कॉइलचा जड करंट भराभर चालू-बंद करणारा मोठा ट्रान्झिस्टर. बऱ्याच शेगड्यांत ‘एच20आर1203’ असा शिक्का असलेला येतो, 1200 व्होल्ट, 20 अँपिअर. मला एका ठिकाणी दहा नग फार स्वस्तात दिसले आणि मागवले. पहिला बसवला, शेगडी चालू केली, पाणी कोमट व्हायच्या आत फट्! दुसरा बसवला, तोही गेला. फ्यूज आणि एसीचं डीसी करणारा ब्रिज प्रत्येक वेळी सोबत. तिसरा मी बसवलाच नाही. पकडीत धरून फोडला, शेजारी शेगडीतला मूळचा मेलेला फोडला. मूळच्या पार्टमधली सिलिकॉनची चकती मोठी, नव्यातली तिच्या जेमतेम निम्मी. वर छापलेलं नाव मात्र अगदी सुबक. उरलेल्या सातांची कलेक्टर आणि एमिटर जोडून गेटची कपॅसिटी मोजली, तर चालू शेगडीतल्या चांगल्या नगापेक्षा सगळ्यांचीच फारच कमी. विकणाऱ्याला फोटो पाठवले. उत्तर आलं की पार्ट बसवून वापरला असल्याने परत घेता येणार नाही. गिऱ्हाईक होत्या एक विधवा मावशी, डबे करून देणाऱ्या. गॅस संपला की त्या शेगडीवरच त्यांचं चालायचं. त्यांना "आज देते, उद्या देते" सांगताना मला झोप लागत नव्हती.

लोकल पुन्हा सुरू झाल्यावर काडेपेटीत ते तीन तुकडे घेऊन मी लॅमिंग्टनला गेले. काउंटरवरच्या भाईंनी तुकडे पाहिले आणि आयजीबीटीकडे हात न नेता विचारलं, "ताई, बोर्डावरचा कपॅसिटर मोजला का?" कॉइलच्या बाजूला असतो तो, 0.3 मायक्रोफॅरडचा, 1200 व्होल्टचा. मी मोजला नव्हता. "पुराचा माल आहे ना? त्याची कपॅसिटी उतरली असेल. ती उतरली की व्होल्टेज चढतं, मग ओरिजनल टाकला तरी जाणार." त्यांनी दोन कपॅसिटर, ड्रायव्हरचे ट्रान्झिस्टर आणि तीन आयजीबीटी बांधून दिले. आयजीबीटी माझ्या स्वस्त मालाच्या तिप्पट भावाने. "घरी गेल्यावर आधी बल्ब सिरीजला लावा," हेही बजावलं, म्हणजे काही चुकलं तर बल्ब पेटतो आणि पार्ट वाचतो. मला ते माहीत होतं, पण त्यांनी सांगितलं हे मला फार बरं वाटलं.

घरी येऊन जुना कपॅसिटर मोजला. 0.3 च्या जागी 0.21. म्हणजे पार्सलमधला माल नकली होता हे खरं, आणि नकली नसता तरी ती शेगडी चालली नसती हेही तितकंच खरं. मी पार्ट मागवला होता. वेबसाइटने मला पार्टच दिला. बोर्ड कुठल्या पाण्यातून आलाय हे तिने विचारायचं कारणच नव्हतं. मावशींची शेगडी त्या संध्याकाळी चालू झाली. अजून चालते.

लॅमिंग्टनला सगळं शुद्धच मिळतं असं मी म्हणणार नाही. जुन्या बोर्डावरून काढलेले, पायांना नवं कथील लावून चकचकीत केलेले पार्ट तिथेही विकले जातात. पण तिथे "काढलेला नको, नवा द्या, आणि गेला तर घेऊन येईन" असं डोळ्यांत बघून म्हणता येतं. पुण्याला तपकीर गल्लीतही माझा हाच अनुभव आहे.

पार्सलने मी आजही बरंच मागवते. 105 डिग्रीपर्यंत टिकणारे, आतला रोध कमी असलेले लो-ईएसआर कपॅसिटर, इन्व्हर्टरचे मॉस्फेट ट्रान्झिस्टर, बारीक कनेक्टर, हे मोठ्या अधिकृत वितरकाकडूनच, पाकिटावर लॉट नंबर असलेलं. महाग पडतं, कुरिअर वेगळं, वर अठरा टक्के जीएसटी. पावसाळ्यात परशुराम घाटात दरड आली की पार्सल कुठे अडकलंय ते फोनवर बघत बसायचं. तरी त्या मालावर मी निर्धास्त झोपते.

फॅनचा अडीच एमएफडीचा (मायक्रोफॅरडचा) कपॅसिटर, पाव वॅटचे रेझिस्टर, फ्यूज, सोल्डर मात्र मी गावातल्या काकांकडूनच घेते. ऑनलाइन रेझिस्टर पैशांत मिळतो, काकांकडे एक रुपयाला. चार रेझिस्टरसाठी सत्तर रुपये कुरिअर देण्यापेक्षा तो रुपया बरा, असा हिशेबही आहे. पण खरं कारण वेगळं. पुरानंतर त्यांनी कर्ज काढून पुन्हा ड्रॉवर भरले. मी, आणि माझ्यासारखे चार जण, तिथे गेलो नाही तर ते ड्रॉवर कुणासाठी भरायचे? रात्री आठला कुणाच्या आजारी माणसाच्या उशाचा पंखा बंद पडतो, तेव्हा मी काकांच्या घरची बेल वाजवते आणि ते किल्ली घेऊन खाली येतात.

सध्या काडेपेटीत एका जुन्या कॅसेट डेकचा व्हॉल्यूम कंट्रोल आहे. 50के, म्हणजे पन्नास किलोओमचा, डबल, सहा पिनांचा, शाफ्टला अर्धा काप, लांबी वीस मिलिमीटर. ऑनलाइन पंधरा मिळाले, सगळ्यांचा शाफ्ट आखूड. काकांकडे नाही. शुक्रवारी रात्री तुतारी एक्स्प्रेसने निघते आहे, शनिवारी लॅमिंग्टन. कुणाला काही आणायचं असेल तर गुरुवारपर्यंत दुकानात नमुना आणून द्या. फोटो नको, पार्टच आणा.