ट्रॅपिस्टचे ग्रह मीच उडवून टाकले होते

सात ग्रह असलेल्या ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्याचा केप्लर या अवकाश दुर्बिणीनं टिपलेला डेटा कुणालाही फुकट उतरवून घेता येतो हे मला बरेच दिवस माहीत होतं, पण हात लावायचा धीर होत नव्हता. शेवटी एका शनिवारी रात्री फाईल घेतली आणि पायथन उघडून बसलो. डिसेंबर २०१६ ते मार्च २०१७, म्हणजे जवळजवळ अडीच महिने, दर अर्ध्या तासाला ताऱ्याच्या उजेडाचा एक आकडा. बस, एवढंच असतं त्यात.

ग्राफ काढला तर ग्रहबिह काही नाही, नुसती एक लाट, साधारण ३.३ दिवसांनी परत परत येणारी. तारा गिरकी घेतो, अंगावरचे डाग पुढे येतात, मागे जातात, त्याची ती लाट. मध्येच काही टिंबं एकदम वर उडालेली, त्या फ्लेअर्स, म्हणजे ताऱ्यावरचे अचानक भडके. आणि काही टिंबं खाली पडलेली, सुटी सुटी, इथे एक तिथे दोन. मी काय केलं, ट्युटोरियलमध्ये सांगतात तसं आधी लाट सपाट केली आणि मग भलतीकडे गेलेली टिंबं काढून टाकणारी ती नेहमीची एक ओळ चालवली. ग्राफ कसला गुळगुळीत झाला! मग तासभर ग्रह शोधत बसलो, एक सापडेना, कोडमध्ये चूक असेल म्हणून कोड दोनदा वाचला, आणि रात्री दीडला कधीतरी डोक्यात प्रकाश पडला की अरे, ग्रह ताऱ्यासमोरून गेला की उजेड कमी होतो, ती खाली पडलेली टिंबं म्हणजेच ग्रह होते की. सगळ्यात आतला जो बी नावाचा ग्रह, त्याला ताऱ्यासमोरून जायला जेमतेम ३६ मिनिटं लागतात. माझ्याकडे अर्ध्या तासाला एक आकडा, म्हणजे बीचं अख्खं अधिक्रमण एका-दोन टिंबांत संपतं. ते मी कचरा समजून उडवलं.

ती ओळ फक्त वरच्या टिंबांपुरती ठेवली, सगळा डेटा १.५१ दिवसांवर, म्हणजे बीच्या एका फेरीवर, घडी घातला (तेवढे तेवढे तुकडे करून एकावर एक ठेवले), आणि मधोमध खड्डा. ०.७ टक्के. आकडा किरकोळ वाटेल, पण आपली पृथ्वी सूर्यासमोरून गेली तर लांबून बघणाऱ्याला उजेड ०.००८ टक्के कमी झालेला दिसेल, आणि हा बी पृथ्वीपेक्षा फारसा मोठा नाहीये. फरक ताऱ्याचा आहे. ट्रॅपिस्ट-१ हा तारा गुरूपेक्षा थोडासाच मोठा, वस्तुमान सूर्याच्या ९ टक्के. त्याचे सातही ग्रह बुधाच्या कक्षेच्या कितीतरी आत मावतात, सर्वात लांबच्याचं वर्ष १८.८ दिवसांचं. म्हणजे एकदा हुकलं तरी पुढची संधी लगेच. म्हणून तर सगळे या लाल बटूंच्या, म्हणजे अशा छोट्या थंड ताऱ्यांच्या, मागे लागलेत. आपल्या आकाशगंगेत चारातले तीन तारे असलेच, आणि नुसत्या डोळ्यांनी त्यातला एकही दिसत नाही, सगळ्यात जवळचा प्रॉक्झिमासुद्धा १९१५ साली कुठे सापडला.

पण ती लाट डोक्यातून जाईना. बातम्यांमध्ये कायम ग्रह असतो, "पाणी असू शकेल", "राहण्याजोगा" वगैरे, आणि तारा बिचारा कोपऱ्यात. मला वाटतं खरा घोळ ताऱ्यातच आहे. ग्लीझ ५८१ हा दुसरा लाल बटू घ्या. २०१० मध्ये तिथे जी नावाचा ग्रह जाहीर झाला, केवढा गाजावाजा. २०१४ मध्ये पॉल रॉबर्टसन आणि सुव्रत महादेवन वगैरे खगोलशास्त्रज्ञ मंडळींनी ताऱ्याची चुंबकीय हालचाल वेगळी काढून तोच डेटा परत तपासला, तर त्याच ताऱ्याचा डी नावाचा जुना ग्रह गायब, आणि त्याच्या आधारानं उभा असलेला जी पण गायब. तारा सावकाश फिरत होता आणि त्याच्या चुंबकीय हालचालीमुळे ग्रहाचा भास होत होता, एवढंच. चार वर्षं लोक त्या जीवर जीवसृष्टी वसवत होते!

त्याहून मजा जीजे ४८६ या आणखी एका लाल बटूची. २०२३ मध्ये जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीला तिथल्या खडकाळ ग्रहाच्या अधिक्रमणात पाण्याच्या वाफेची खूण दिसली. आता ती ग्रहाच्या हवेतली का ताऱ्यातली? हसू नका, हे तारे इतके थंड असतात की त्यांच्या डागांमध्ये पाण्याची वाफ खरोखर टिकते. संशोधकांनी तेव्हाच दोन्ही शक्यता मांडून ठेवल्या. अधिक्रमणात आपण ताऱ्याचा दिव्यासारखा वापर करतो, ग्रहाच्या हवेतून गाळून आलेला उजेड बघतो, आणि इथे दिव्याची काचच डागाळलेली.

ट्रॅपिस्टच्या बीच्या बाबतीत म्हणून दुसरी वाट धरली. ग्रह ताऱ्यामागे दडतो तेव्हा उष्णता किती घटते ते मोजायचं, त्यात डागांचा त्रास बराच कमी. २०२३ मध्ये उत्तर आलं, दिवसाच्या बाजूला सुमारे २३० अंश सेल्सिअस, म्हणजे उघड्या खडकाला जेवढं तापायला हवं साधारण तेवढंच. दाट हवा असती तर उष्णता रात्रीच्या बाजूला वाहून गेली असती. लोक खट्टू झाले. मी पण झालो, खोटं कशाला बोलू.

पण आता हाच बी कामाला लावलाय. सगळ्यांचा डोळा आहे ई वर, चौथ्या ग्रहावर, तो बरोबर माफक उबेच्या पट्ट्यात येतो. तर ई आणि बी थोड्या वेळाच्या अंतरानं लागोपाठ ताऱ्यासमोरून जातात त्या वेळा गाठायच्या आणि वेबनं दोघांनाही बघायचं. बीला हवा नाही असं धरलं तर त्याच्या वेळी वर्णपटात, म्हणजे रंगांत फोडलेल्या उजेडात, जे काही वाकडंतिकडं दिसेल ते ताऱ्याचं, ते ई मधून वजा करायचं, मग उरेल ते ई चं.

त्या रात्री मी उडवलेल्या टिंबांत सगळ्यात जास्त या बीचीच होती.