शनिवारी कुणाच्या गावाला?

गोवा युनिव्हर्सिटीत एमएससी जिऑलॉजी करत होते तेव्हा आमच्या ग्रुपमध्ये कुणी कुणाला नावाने हाक मारायचं नाही, गावाच्या नावाने मारायचे. एक डिचोली, एक रिवण, एक काणकोण, एक बांदा, एक लातूर आणि मी आजरा. २०१५ ते २०१७ ची बॅच आमची. अजूनही फोन आला की पलीकडून "आजरा, कशी आहेस गो" असंच ऐकू येतं आणि मला ते फार आवडतं.

गोव्यात दोन वर्षं राहिले म्हटलं की लोकांना वाटतं रोज संध्याकाळी बीच आणि शनिवारी पार्टी. बीचवर जायचो की, दोना पावला तर खालीच, मिरामारलाही कितीतरी संध्याकाळी बसलोय. पण आमचे वीकेंड तिथे गेले नाहीत, ते गेले एकमेकांच्या घरी, आणि मला मनापासून वाटतं की गोवा मला दिसला तो या घरांच्या स्वयंपाकघरातून आणि पडवीतून.

सुरुवात अगदी साधी झाली. आमचं हॉस्टेल ताळगावच्या पठारावर, शुक्रवारी दुपारचं प्रॅक्टिकल संपलं की गोव्याची सगळी पोरं बॅगा उचलून पणजी स्टँडवर, कदंबा बस पकडून अंधार पडायच्या आत घरी, आणि मग हॉस्टेलमध्ये उरायचे आम्ही बाहेरचे, म्हणजे मी, लातूर आणि असेच अजून थोडे. शनिवारी मेसमध्ये बसलं की चमच्यांचा आवाज ऐकू यायचा. डिचोलीला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, इथे बसून काय करणार, चल घरी, आई विचारतच होती. गेलो. पुढच्या आठवड्यात रिवण म्हणाली मग माझ्याकडे का नाही. असं ते चक्र सुरू झालं आणि दोन वर्षं थांबलंच नाही. गोवा आहेच केवढा, ३,७०२ चौरस किलोमीटर, कुठल्याही मित्राचं घर सकाळी निघून जेवायच्या वेळेला गाठता येतं. आमच्या कोल्हापूर जिल्ह्याचा अर्धासुद्धा नाही तो.

गाड्या म्हणजे दोन अ‍ॅक्टिव्हा, एक पल्सर आणि लांब जायचं असेल तर बांद्याच्या बाबांची जुनी ओम्नी. पेट्रोल तेव्हा गोव्यात महाराष्ट्रापेक्षा स्वस्त होतं त्यामुळे बांदा घरी जाताना पत्रादेवीची हद्द यायच्या आधी टाकी फुल करायचा म्हणजे करायचाच, कितीही उशीर झालेला असो. कॉन्ट्रीचा हिशोब रिवणच्या वहीत. त्या वहीत एका पानावर खर्च आणि मागच्या पानावर थिन सेक्शनच्या, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या दगडाच्या पातळ कापांच्या, नोट्स असायच्या.

डिचोलीला जायचे दोन रस्ते, पण आम्ही कायम रायबंदरवरून फेरी पकडून चोडण, मग मये आणि डिचोली असंच जायचो. पणजी ते रायबंदर हा पाण्यातून बांधलेला रस्ता पोर्तुगीजांनी १६३३-३४ मध्ये बांधलाय आणि आपण त्यावरून आज स्कूटर चालवतोय याचं मला दर वेळी नवल वाटायचं. फेरीत तेव्हा माणसांना आणि दुचाकीला पैसे नव्हते. नदी ओलांडायला पाच-दहा मिनिटं लागायची पण तेवढ्यात सगळ्यांच्या गप्पा बंद व्हायच्या, एका बाजूला खारफुटी, चोडणचं सलीम अली पक्षी अभयारण्य तिथेच, दुसऱ्या बाजूला मांडवीतून जाणाऱ्या बार्ज, खाणींचा माल नेणाऱ्या सपाट बोटी.

बार्ज दिसली की डिचोली बघत राहायचा. २०१२ च्या सप्टेंबरात गोव्यातल्या खाणी बंद झाल्या तेव्हा त्याच्या बाबांचे ट्रक घरामागे उभे राहिले ते राहिलेच, आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा एका ट्रकच्या टपावर वेल चढलेली होती. वर्गात आम्ही लोहखनिज शिकायचो, हेमाटाइट, बँडेड फॉर्मेशन, ग्रेड किती टक्के, आणि इकडे त्याचे बाबा जेवताना सांगायचे की कुठल्या खाणीचा माल कसा होता, कुठल्या जेटीवर जायचा, रांगेत किती तास जायचे. खाणींनी डोंगर कापले, विहिरी आटल्या, शेतात लाल चिखल गेला हे त्यांनी स्वतः सांगितलं, आणि त्याच खाणीवर मुलाची फी भरली हेही सांगितलं. दोन्ही एकाच दमात. मी त्या दिवसापासून खाणींबद्दल एका वाक्यात मत देणं सोडून दिलं.

पण डिचोलीकडची खरी मजा जत्रेला. दिवाळी झाली की गोव्यात गावोगावी जत्रा आणि काले (देवळांचे उत्सव) सुरू होतात, आणि जत्रेला देवळासमोर मांडव घालून रात्री मराठी नाटक. हे मला माहीतच नव्हतं! आमच्याकडे नाटक म्हणजे पुण्या-मुंबईहून कंपनी येणार, तिकीट काढून बघायचं. इथे नाटक गावच करतं. शेतकरी, बँकेतला क्लार्क, प्राथमिक शाळेतला मास्तर, गॅरेजवाला, सगळे महिनाभर रोज रात्री तालमी करतात, पडदे आणि पोशाख भाड्याने आणतात आणि जत्रेच्या रात्री पालखी झाली की मध्यरात्रीनंतर पडदा वर जातो. डिचोलीचा काका दिवसा बस चालवायचा आणि त्या रात्री तो संभाजी महाराज झाला होता. घरी एकमेकांशी कोंकणी बोलणारी माणसं, आणि स्टेजवर चढली की अशी खणखणीत जड मराठी, पानपानभर लांब संवाद, श्वास न घेता, की मी कोल्हापूरकडची असून तोंड उघडं ठेवून ऐकत बसले. पुढे बायकांनी संध्याकाळपासूनच चटया टाकून जागा धरलेल्या, लहान पोरं तिथेच झोपलेली, मागे खाज्याची आणि चण्यांची दुकानं, आणि काकाचा शेवटचा प्रवेश आला तेव्हा आमच्या शेजारची आजी पदराने डोळे पुसत होती. तो तिचा पुतण्याच, रोज समोरून बस घेऊन जाणारा, तरी पुसत होती. पहाटे पाचला नाटक संपलं, घरी येऊन चहा आणि आदल्या दिवशीच्या भाजीबरोबर पाव खाल्ला आणि सगळे जण हॉलमध्ये आडवे झालो. पणजीच्या कला अकादमीत मी नंतर चांगली चांगली नाटकं बघितली पण त्या मांडवातली रात्र वेगळीच.

रिवणकडे जाणं म्हणजे दक्षिणेकडे, मग कुठ्ठाळीचं ट्रॅफिक. जुना झुआरी पूल आणि शनिवार सकाळ, विचारूच नका. पण पुढे मडगाव सोडून पारोड्याच्या बाजूला लागलं की रस्ता एकदम शांत. वाटेत चंद्रनाथाचा डोंगर, वर चंद्रेश्वर भूतनाथाचं देऊळ, तो अख्खा डोंगर ग्रॅनाइटचा आहे, वय २६५ कोटी वर्षांच्या घरात. आम्ही तिथे देवाच्या पाया पडून मग रस्त्याकडेच्या दगडाला भिंग लावायचो, आणि पायऱ्यांवरच्या मावश्या विचारायच्या की बाळांनो काय हरवलं.

रिवणच्या घरामागे कुळागर. उतारावर माडी म्हणजे पोफळी, त्यांच्यावर चढलेली मिरी, मधे केळी, खाली अननस, आणि सगळ्यातून फिरणारा पाण्याचा पाट. लातूर त्या पाटाच्या काठाला तासभर बसून होता. तिथून उसगाळीमळ जवळ, कुशावती नदीच्या काठावर जांभ्या दगडाच्या सपाट कातळावर प्रागैतिहासिक माणसाने कोरलेली चित्रं आहेत, बैल, हरणं, आणि एक मोठं गोल चक्रव्यूहासारखं. १९९३ मध्ये जगासमोर आली, गावच्या लोकांना ती आधीपासून माहीत होती असं रिवणचे आजोबा सांगायचे. सकाळच्या तिरक्या उन्हात जा, तेव्हाच रेषा नीट दिसतात, दुपारी गेलात तर नुसता तापलेला कातळ. परत आलो की जेवण, हुमण म्हणजे माशाची आमटी, किसमूर म्हणजे सुक्या मासळीची कोशिंबीर, उकड्या तांदळाचा भात, सोलकढी, आणि रिवणची आई मागे उभी, "आनीक इल्लें घे गो बाय", अजून थोडं घे म्हणून. श्रावणात गेलो तर खतखतें, बऱ्याच भाज्यांची मिळून केलेली भाजी. मी आजवर खाल्लेल्या भाज्यांमध्ये खतखत्याचा नंबर पहिला आहे आणि त्यात तिरफळं हवीतच.

तांबडी सुर्ला, चोर्ला घाट वगैरे पण केलं, सगळेच करतात, त्यावर लिहीत नाही. फक्त तांबडी सुर्लाचं महादेवाचं देऊळ पावसात बघा, काळा बेसॉल्ट ओला झाला की वरचं कोरीवकाम उठून येतं.

आता माझ्या गावची पाळी. जुलै २०१६, ओम्नीत आम्ही सहा जण, सावंतवाडीवरून आंबोली घाट चढून आजरा. त्या वर्षी एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी नेलं होतं, बातम्या सगळ्यांनी बघितल्या असतील. आमच्या लातूरच्या घरी तेव्हा नळाला पाणी येऊन कित्येक दिवस झालेले, त्याची बहीण बारावीचा अभ्यास सोडून टँकरच्या रांगेत उभी राहायची, आणि हा इकडे हॉस्टेलमध्ये आंघोळ करताना निम्मी बादली वापरायचा. आम्ही सुरुवातीला कुणी विचारलं नाही, मग एका रात्री गच्चीवर त्यानेच सगळं सांगितलं. तर आंबोलीला धबधब्यापाशी गाडी थांबवली. आंबोलीचा पाऊस वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास, लातूरचा आठशेच्या आतबाहेर. बाकी पब्लिक पाण्यात नाचत होतं, मक्याची कणसं खात होतं, आणि हा रेनकोट काढून नुसता उभा. बांदा पण त्याच्याशेजारी जाऊन उभा राहिला, मग काणकोण, मग आम्ही सगळेच, कुणी फोटो काढला नाही. गाडीत बसल्यावर तो म्हणाला, हे पाणी घाटावरून सगळं खाली समुद्रात जातं ना. हो म्हटलं. मग आजऱ्यापर्यंत तो पाणलोट, भूजल, बेसॉल्टमधल्या भेगा यावर बोलत राहिला आणि डिसर्टेशनचा विषय त्याने त्या ओम्नीतच पक्का केला. आज तो मराठवाड्यात भूजलाचंच काम करतो.

आईने घनसाळ तांदळाचा भात केला होता, त्या वासाने काणकोण आधी स्वयंपाकघरात गेली. तांबडा-पांढरा रस्सा गोव्याच्या पोरांना झेपेल का याची आईला काळजी, आणि डिचोलीने पांढरा चार वाट्या प्यायला. बाबांनी रात्री त्यांना गोव्याबद्दल विचारायला सुरुवात केली ती दीड वाजेपर्यंत.

आता सगळे पांगलो. मांडवीवर अटल सेतू झाला, झुआरीचा नवा पूल २०२२ च्या डिसेंबरात सुरू झाला, कुठ्ठाळीला अडकून पडलेल्या त्या सकाळी आता कुणाच्या वाट्याला येणार नाहीत. पण एक घर राहून गेलंय, काणकोणचं. दर वेळी तिच्याकडे जायचं ठरायचं आणि मध्येच परीक्षा नाहीतर फील्डवर्क यायचं. तिची आजी अजून आहे, नव्वदीच्या पुढची, आणि फोनवर दर वेळी विचारते ती पोरं कधी येणार. तर आता जानेवारीत जायचं नक्की केलंय. नवीन बायपासमुळे रस्ता सोपा झालाय, गालजीबागला कासवांचा सीझन असेल, बांदा गाडी आणतोय, लातूर बायको-मुलीला घेऊन येतोय, आणि माझ्याकडे काम आहे घनसाळ तांदूळ आणायचं, दहा किलो तरी लागेल.