तळघरात मुरणारी तंबाखू

अमेरिकेतल्या ओहायोत बहुतेक घरांना तळघर असतं आणि कोणी त्यात काय साठवलंय यावरून माणूस कळतो. आमच्या शेजारच्या आजोबांच्या तळघरात फळ्यांवर काचेच्या बरण्या ओळीनं लावल्यात. लोणच्याच्या नव्हे, पाईपच्या तंबाखूच्या. झाकणावर चिकटपट्टी, तिच्यावर पानाची जात आणि भरल्याचं साल. काही तर 2009 च्या आहेत. इकडं हा रीतसर छंद आहे. आज घ्यायची, पाच-दहा वर्षं मुरू द्यायची, मग ओढायची.

फोनवर तात्यांना सांगितलं तर म्हणाले, "आमची चंची आठ दिसात रिकामी होती, मुरायची कवा?"

सगळीच तंबाखू मुरून सुधारत नाही. व्हर्जिनिया जातीचं पान बंद कोठारात गरम हवेवर साधारण आठवडाभरात वाळवतात. आधी मंद उष्णतेत पानातल्या स्टार्चची साखर होते, मग आच वाढवली की पान सुकतं आणि साखर आतच अडकते. बर्ली ही दुसरी जात मात्र सावलीत, वाऱ्यावर कितीतरी आठवडे टांगलेली असते; तेवढ्यात पान स्वतःचीच साखर खाऊन बसतं. म्हणून बरणीत जास्त पालटते ती व्हर्जिनिया. सायप्रसची लाटाकिया धुरावर वाळवलेली. तिचा ठसका वर्षागणिक उतरतो. ठसक्यासाठीच घ्यायची आणि तोच घालवायचा, हे मला काही पटत नाही.

झाकण लागल्यावर आधी आतल्या हवेतला ऑक्सिजन खर्ची पडतो. काही पानातली रसायनं घेतात, काही सूक्ष्मजीव. आपल्याकडं जमिनीतलं ज्वारीचं पेव उघडल्याबरोबर कोणी आत उतरत नसे, आधी कंदील सोडून बघत; तिथंही बंद जागेत प्राणवायू सरलेला असायचा. त्यानंतरचं काम संथ. साखर आणि अमिनो आम्लं एकमेकांत मिसळून रंग-वास पालटतात. फ्रेंच रसायनज्ञ माय्यार यानं 1912 साली मांडलेली ही अभिक्रिया तापल्या तव्यावर मिनिटांत होते, तळघराच्या गारव्यात तिला वर्षं लागतात. पिवळं पान तांबूस, पुढं काळपट होतं. आम्लं आणि अल्कोहोल जुळून एस्टर तयार होतात, त्यांचा वास फळासारखा.

म्हणून हवा काढून घेतलेलं पॅकिंग जाणकार टाळतात. सुरुवातीला थोडी हवा लागतेच. आणि सारखं उघडून हुंगायचं नाही, दर वेळी नवा ऑक्सिजन आत जातो. आजोबा त्यासाठीच लहान बरण्या घेतात. जॉन मेसननं 1858 साली पेटंट घेतलेल्या बरणीचीच ही आजची पिढी: वर फिरकीचं कडं, खाली चपटी चकती. आजोबांनी एका जुन्या बरणीचं कडं काढलं तरी चकती चिकटूनच होती. चमच्याच्या कडेनं उचकटली तेव्हा फक् असा आवाज झाला. आत काळ्या चपट्या वड्या, त्यांवर पांढरे कण. नवख्याला बुरशीच वाटावी. पण बुरशी केसाळ असते आणि तिचा कुबट वास लपत नाही. हे कण टॉर्चखाली चमकत होते.

ओल मात्र बेताची हवी. दाबलं तर पान लिबलिबू नये, चुरगाळलं तर भुगा होऊ नये. आपल्याकडं मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावर बरणी ठेवली तर मुरणं राहिलं बाजूला, पान उकडून निघेल.

तात्यांचा पुढचा प्रश्न जास्त कामाचा होता. "मुरलेली कमी बाधती का?"

नाही. जिभेला मऊ लागते, एवढंच. निकोटिन कुठं जात नाही आणि तोंडाच्या, घशाच्या कॅन्सरचा धोका पाईपवाल्यालाही आहेच. आजोबांनाही त्यांचे डॉक्टर हेच ऐकवतात. ते मान डोलावतात आणि पाईप भरतात.

हे ऐकून तात्या म्हणाले, "मग येवढा कुटाणा कशाला? ज्वारी भर म्हणावं त्या बरण्यात."